तीन किलोचा हरीरा

सूप म्हणजे काय हो? आमटीनं टाय लावला की झालं सूप! हे वाक्य मी आखातातल्या सित्र्याच्या ऑफिसात, साक्षात साहेबांसमोर बोललो आणि तिथेच माझं वाटोळं सुरू झालं.

आमचे हाशिमसाहेब मोरोक्कोचे. रमजान लागला की त्यांना आईच्या हातचा हरीरा आठवतो. मेंढीचं मटण, काबुली चणे, मसूर, टोमॅटो, दालचिनी असं सगळं घातलेलं दाट सूप. रोजा सोडताना तेच हवं!

"उद्या इफ्तारला मी आणतो, सर! सगळ्या स्टाफसाठी!"

बायको संघप्रिया आईच्या गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी नागपूरला. म्हणजे अडवणारं कुणी नाही. दुसऱ्या दिवशी सुट्टी टाकून तीन किलो मटण आणलं, आणि मग लक्षात आलं की आमच्या सगळ्यात मोठ्या पातेल्यात एकट्या साहेबांचंही भागणार नाही. धावलो शेजारच्या नुसरतभाभींकडे. बाई लखनौच्या, स्वभावानं गोड. पण त्यांच्या कानात पडलेलं आमच्या अख्ख्या रिफा शहराला ऐकू जातं.

"भाभी, बडा पतीला दीजिए. हरीरा बनाना है."

"हाय अल्ला! और हमें बताया तक नहीं?"

"सरप्राइज था, भाभी."

"वजन कितना है?"

"तीन किलो."

"माशाल्ला! नॉर्मल?"

"नहीं, कटवाया."

"हाय, बेचारी!" भाभींनी डोळ्यांना ओढणी लावली.

मेंढीबद्दल एवढा कळवळा! मला भरून आलं. लखनौकडे हरीरा म्हणजे बाळंतिणीला पाजायचं गोड, सुक्यामेव्याचं पेय, हे मला कुठे माहीत!

घरी येऊन सगळं पातेल्यात लोटलं. मटण शिजलं, मसूर विरघळली, पण चणे? गोट्या! ते रात्रभर भिजवायचे असतात म्हणे. उपसून कुकरमध्ये टाकले, तेवढ्यात ऑफिसातल्या प्रज्योतचा फोन.

"जय भीम, रुपेशदादा! अभिनंदन! नुसरतभाभींकडून कळलं. कसं आहे?"

"अरे, अजून कच्चंच आहे रे!"

"अरेरे! काचेच्या पेटीत ठेवलंय का?"

"पेटीत कशाला? कुकरमध्ये टाकलंय! चार शिट्ट्या झाल्या, ढिम्म!"

पलीकडे फोन पडल्याचा आवाज आला. पुन्हा वाजला तो नागपूरहून.

"कोन आहे थे?" संघप्रिया.

"कोण कोण?"

"जिचं शिझर झालं थे! तीन किलोचं पोरगं झालं म्हने तुमाले! मले इकडं अभिनंदनाचे मेसेज येऊन राह्यले!"

माझ्या डोक्यात आत्ता कुठे दिवा लागला. "अगं, ती मेंढी आहे!"



"मेंढी? जिनं तुमच्यासाठी पोट फाडून घेतलं, तिले मेंढी म्हनता? काही लाजगिज?"

मागून सासूबाई, इंदुबाई, गरजल्या, "मले उभी करा! गुडघ्याचं मंग पाहू!"

मी शपथा घेतल्या, गयावया केली, रडलोसुद्धा. तेवढ्या वेळात पातेल्यातलं सगळं बुडाला लागलं. इतकं, की खालच्या मजल्यावरून कुणीतरी विचारायला आलं, टायर जळतोय का! वेळ उरला नव्हता. गोट्या पुन्हा त्यातच ओतल्या, झाकण लावलं आणि निघालो.

ऑफिसात शिरलो तर गुलाबी फुगे! डायपरचे गठ्ठे! प्रज्योत मला मिठी मारून हुंदके देत होता. "पोर वाचेल, दादा!" मी तोंड उघडणार तोच अजान झाली. साहेबांनी खजूर खाल्ला आणि पहिला चमचा तोंडात घातला. कट्! चण्याचा होता की दाताचा, कळलं नाही. मग त्यांचे डोळे पाणावले. आईच्या आठवणीनं नक्कीच नव्हे.

"रुपेश," ते हळूच म्हणाले, "घरात तान्हं बाळ, बायको अंथरुणावर, आणि तू आमच्यासाठी रांधलंस. मी समजू शकतो."

सुटलो! मी मान हलवणार एवढ्यात खिशात फोन थरथरला. व्हिडिओ कॉल. संघप्रिया, तिच्यामागे सासूबाई, त्यांच्यामागे अर्धं नागपूर.

"सांगा! सगळ्यायसमोर सांगा, पोरगं नाही म्हनून!"

एकीकडे बायको, दुसरीकडे साहेब. मी डोळे मिटले.

"सर, बाळबिळ काही नाही. कधीच नव्हतं."

साहेबांनी चमचा खाली ठेवला. वाडग्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"मग हे असं का झालंय?"