पंख्याखालची सेहेचाळीस

"दोन तासांचं काम, मॅडम! रविवारी घरी बसून करून टाकते," असं ताई शनिवारी लॅबच्या मॅडमना छातीठोकपणे म्हणाल्या, आणि तिथेच चुकलं.

ताई गुणसूत्रांच्या लॅबमध्ये बावीस वर्षं तंत्रज्ञ. गुणसूत्रं एरवी पेशीत लोकरीच्या गुंत्यासारखी पडून असतात. पेशी दुभंगायच्या वेळी मात्र ती आखडून जाडजूड होतात आणि मधोमध येऊन उभी राहतात. नेमकं तेव्हाच औषध घालून पेशीला 'स्टॅच्यू' करायचं आणि फोटो काढायचा! पुढे जोड्या लावायचं काम कॉम्प्युटरचं. तो आठवडाभर बंद, प्रिंटरही बंद. म्हणजे आली का पंचाईत! आता जुन्या पद्धतीनं फोटोतलं एकेक गुणसूत्र कात्रीनं कापा, उंची आणि पट्टे बघून जोड्या लावा, कागदावर चिकटवा.

फोटो दोन होते, सगळं बंद पडायच्या आधी छापलेले. एक एका बाईंचा, दुसरा त्यांच्या नवऱ्याचा. तीनदा दिवस राहून तिन्ही वेळा पदरी निराशा आलेली. रिपोर्ट सोमवारी दहाला. बाई रोज फोन करून विचारायच्या, "ताई, दोष माझ्यातच आहे का हो?" ताईंचा जीव तुटायचा.

रविवारी दुपारी जेवणाच्या टेबलावर ताईंनी बाईंच्या फोटोचे तुकडे कापले, पाठीला गोंद लावला. आता मोजायचे, तेवढ्यात झोपून उठलेला नवरा बनियनवर बाहेर आला. "काय उकडतंय!" म्हणाला आणि पंखा पाचावर!

"अहोऽऽ!"

सगळं घर रांगायला लागलं. सासूबाईंनी सत्तराव्या वर्षी सोफ्याखाली डोकं घातलं. एक तुकडा चपलेत सापडला, दोन पडद्यावर. दोन तासांनी बावीस जोड्या जमल्या. शेवटचं एक्स मात्र एकटंच. एकूण पंचेचाळीस; हवी सेहेचाळीस.

ताईंनी पुन्हा मोजलं, तेवढीच. "हरवलं, की मुळातच नव्हतं? हरवलं असेल तर दोष माझा, नसेल तर त्या बिचारीचा. काय लिहू मी? स्लाइडवर तीच पेशी पुन्हा शोधायची तर आणखी दोन दिवस. कसं सांगू तिला?"

"अगं, तू चहा ठेव. मी शोधतो," नवरा म्हणाला.

चहा उकळायच्या आत आरोळी आली, "सापडलं!"

ताईंनी चष्मा लावला. एक्सच्या शेजारी एक बुटकं पात्र उभं होतं.

"हे कुठे सापडलं?"

"सोफ्याखाली."

"खरं सांगा."

"दुसऱ्या फोटोतून कापलं. एकच कमी पडत होतं ना? चांगलं बारकं बघून घेतलं, कुणाच्या लक्षात येऊ नये म्हणून."

"अहो, ते वाय आहे! त्या एवढ्याशा तुकड्यावर तो माणूस पुरुष आहे! बाईचा बाप्या केलात तुम्ही, आणि बाप्याचं..." समोर सासूबाई होत्या, म्हणून ताईंनी पुढचं गिळलं.

"मग परत ठेवतो की जागेवर," असं म्हणून नवरा वळला.

"थांब रे!" सासूबाई ओरडल्या. "पाठीला काय चिकटलंय तुझ्या? अळी का काय?"

बाईंचं दुसरं एक्स! दुपारभर ह्यांच्या पाठीवर बसून ते स्वतःलाच शोधत घरभर फिरलं होतं. बावीस वर्षांच्या नोकरीत ताईंनी पहिल्यांदाच बनियनवरून गुणसूत्र सोडवलं. हसावं की रडावं ते त्यांना कळेना, आणि दोन्हीचं त्राणही नव्हतं. बाईंच्या नवऱ्याचा बाकीचा फोटो कापायचा अजून तसाच पडला होता.

सोमवारी दहाला मॅडमनी दोन्ही कागद तपासून सही केली. "दोघांचंही अगदी व्यवस्थित आहे. कुणातच दोष नाही."

बाई ताईंचे हात धरून कितीतरी वेळ रडल्या. मग डोळे पुसत म्हणाल्या, "एवढं नाजूक काम, वर घरचं सगळं. कसं जमतं हो ताई तुम्हाला?"

"घरच्यांची मदत असते ना," ताई म्हणाल्या. "म्हणून तर एवढं दमायला होतं!"