गिअर गरम होतपर्यंत

भर वैशाखात, अंगणातली फरशी पाय भाजून काढते तेव्हाही, आमचे शेजारी शेषराव सांगतात की गाडीले थंडी वाजून राह्यली आहे.

गाडी काळी, लांबलचक, विदेशी. नागपूरच्या एका डॉक्टरनं वापरून विकलेली. आमच्या अल्लीपुरात तशी दुसरी नाई. तिले क्लच नाई, गिअर आपले आपणच पडतात. मी चौथी शिकलो, पण जिंदगी ट्रॅक्टरवर गेली. मी पहिल्याच दिवशी सांगितलं, "जो गिअर आपल्या हातात नाई, तो आपला नाई."

"ऑटोमॅटिक आहे, भाऊ," शेषराव म्हणाले. "आपण मधात बोलाचं नाई."

काहीही विचारा, उत्तर हेच. पुढं जायले दांडी 'डी'वर टाकली की गाडी आधी विचार करत बसायची, मग म्हशीसारखी ढुशी देऊन निघायची. चढावर इंजिन नुसतं बोंबलायचं, गाडी जागची हालायची नाई. एकदा हिंगणघाटच्या रस्त्यावर एकाच गिअरात अडकली अन् कापसाची बैलबंडी पुढं निघून गेली. बंडीवाला वळून म्हणतो, "काकाजी, दोर बांधू का?"

मिस्त्री म्हणाला होता, तेल गरम झाल्याबिगर गिअर धरणार नाई. तेव्हापासून रोज सकाळी शेषराव इंजिन चालू करतात, बाजूचं दार उघडतात अन् हाक मारतात, "भाऊ, गरम होतपर्यंत बसता का?"

मी कोणाच्या गाडीत फुकट बसणारा माणूस नाई. पण आत चहाचा थर्मास असतो. बायको गेली तरी शेषराव चहा दोघांचाच मांडतात. हाताले सवय पडली, म्हणतात. त्यांचा पोरगा बंगळुरूले.

दिवाळीत नागपूरले नेऊन त्यांनी गिअरबॉक्स खोलून दुरुस्त करून आणला.

"पडला का फरक?"

"काईच नाई. बसा."

मागच्या हप्त्यात मी कडब्यात हात घातला अन् विंचू डसला. सुनेनं आरडाओरडा केला. शेषराव धावत आले, मले सीटवर कोंबलं, इंजिन चालू केलं, लगेच रिव्हर्स, लगेच 'डी', अन् गाडी लोण्यावरून घसरावी तशी निघाली. ढुशी नाई, विचार नाई. हात जळून राह्यला होता, पण माझे कान गिअरवर होते. मी शेषरावांकडं पाहिलं. ते दवाखान्यापर्यंत समोरच पाहत राह्यले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी हाताले पट्टी बांधून ओट्यावर बसलो होतो. पलीकडं इंजिन चालू झालं. हाक आली नाई. दारही उघडलं नाई. इंजिन नुसतंच घुरघुरत होतं.

मी उठलो, जाऊन काच वाजवली.

"काऊन जी शेषराव, आज थंडी नाई का गाडीले?"

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. मग दार उघडलं.

"आहे न, भाऊ. लय आहे."

थर्मास होता. कपही दोनच होते. ऑटोमॅटिक आहे. मी मधात बोललो नाई.