परतीचे तज्ज्ञ

मायदेशी परतणे ही मानवाची सर्वोच्च इच्छा आहे. विशेषतः दुसऱ्या मानवाने परतावे, ही.

जर्मनीतल्या इंगोलश्टाटमध्ये निर्वासितांना 'स्वेच्छेने' घरी जाण्याचा सल्ला देणारी एक कचेरी होती. तिने ही इच्छा फारच मनावर घेतली होती. २०१७ साली अफगाण कुटुंबांसाठी तिला व्याख्याता हवा होता: हिंदी येणारा (मालिका बघून बघून अफगाण घरांत ती झकास समजते), त्याच बाजूचा (कचेरीतल्या नकाशावर काबूल आणि पुणे यांच्यात बोटभर अंतर आहे) आणि परतीचा दांडगा व्यासंग असलेला. तिथल्या मराठी मंडळाने एकमताने शाळकरी वैभवीच्या बाबांचं नाव सुचवलं. ब्रेकचे इंजिनिअर श्रीरंगराव गेली कित्येक वर्षं 'पुढच्या वर्षी' पुण्याला परतत होते. त्यांच्याहून ज्येष्ठ परतणारे मंडळात दोघेच, आणि त्यांनी नुकतंच इथे घर बांधलं होतं.

बाबांचं जर्मन ब्रेकपाशी थांबतं, म्हणून कचेरीवाल्यांसाठी भाषांतराला वैभवी गेली. बघते तर पहिल्याच रांगेत शाळेतली तिच्या बाकावरची फरिश्ता, आईसोबत. जाणार की नाही, ते त्यांना त्याच दुपारी सांगायचं होतं. फरिश्ता गेली तर गणिताच्या तासाला वैभवीच्या शेजारी वर्गातला लुकास येणार होता आणि त्याहून वाईट म्हणजे फरिश्ता नसणार होती.

बाबा मात्र रंगात आले.

"परतीची घाई करायची नाही. आधी तिकडे चांगली शाळा मिळते का बघायचं. मग रस्ते. आमच्याकडे फार खड्डे हो. हवा बघायची, आमच्या धाकट्या वेदला धुळीने शिंका येतात. आणि मुलांचं मन. वेदला नुसतं 'परत जाऊ या' म्हटलं की तो जर्मनमध्ये 'नाइन', नाही, म्हणतो. मग त्या वर्षीचा विषय संपतो."

वैभवीने सगळं इमानेइतबारे जर्मनमध्ये सांगितलं. सल्लागार फ्राऊ लिंडनर "गेनाऊ, गेनाऊ", अगदी बरोबर, म्हणत मान डोलावत होत्या.

फरिश्ताच्या आईने हात वर केला. "भाईसाहेब, तुम्ही कधी निघताय?"

"हे काय, वैभवीची बारावी झाली की."

"मग आमचंही तेच सांगा. फरिश्ताची बारावी झाली की. खड्डे आमच्याकडेही आहेत, बॉम्बचे. शाळा होती, ती जाळली."

वैभवीने तेही सांगितलं आणि फ्राऊ लिंडनर यांची मान डोलायची थांबली. "आल्झो, म्हणजे, त्या देशाचा काही भाग सुरक्षित आहे."

"कुठला?" बाबांनी इंजिनिअरच्या निरागसपणाने विचारलं.

"ते तपासणं चालू आहे."

"मग तपासून होईपर्यंत आम्ही इथेच बसतो," फरिश्ताची आई म्हणाली आणि शाल सारखी करून खरंच बसली.

घरी आईने विचारलं, "अहो, कसं झालं व्याख्यान?"

"उत्तम. कोणीच गेलं नाही."

कचेरीच्या पाहणीनुसार उपस्थितांची मायदेशाची ओढ शंभर टक्के वाढली, प्रस्थान शून्य. फरिश्ताचं प्रकरण आता कोर्टात आहे आणि निकालापर्यंत फरिश्ता वैभवीच्या बाकावर. (लुकास मागे.)

तरीही ज्या वाचकांना वाटतं की ज्याने त्याने आपापल्या मुलखात परत जावं, त्यांच्यासाठी पुढचा वर्ग खुला आहे. येताना फक्त आपल्या मूळ गावी शेवटचे कधी राहिला होतात, ते आठवून यावं. गणपतीचे दीड दिवस धरले जाणार नाहीत.