छपराखालचं डुक्कर

शांतूनाना उतेकर रोज पहाटे लोकांच्या अंगणात पाण्याने लिहितात. स्वतःच्या नव्हे, लोकांच्या. आणि मराठीत नव्हे, चिनी भाषेत.

मी हे इतक्या सरळपणे सांगतेय खरी, पण ते पचायला मला बराच काळ लागला. माझी सगळी नोकरी कचेरीत लोकांचे दाखले तपासण्यात गेली. समोर कोणी झेरॉक्स धरली की माझं वाक्य ठरलेलं, "मूळ प्रत दाखवा." निवृत्त झाल्यावर महाडचं बिऱ्हाड आवरून वाडीतल्या घरी एकटीच राहायला आले, तरी सवय काही गेली नाही. दूधवाला "ताजं हाय" म्हणाला तर मी विचारते, कधीचं ताजं? अशा बाईला देवाने शेजार दिला तो नानांचा.

आमची वाडी पोलादपूरच्या पुढे, कशेडीचा चढ लागायच्या आधी आत वळलं की येते. निम्म्याहून जास्त घरांना कुलपं. माणसं मुंबईला. शिमग्याला आणि गणपतीला कुलपं निघतात, चार दिवस वाडीत पाय ठेवायला जागा नसते, आणि मग पुन्हा सगळं चिडीचूप. उरतो आम्ही म्हातारे, कोंबड्या आणि नाना.

नाना उमेदीच्या वयात मालवाहू बोटीवर होते, तिथल्या स्वयंपाकघरात. लग्न केलं नाही. का केलं नाही असं विचारलं की म्हणतात, "बोट थांबली नाय." एकदा मात्र त्यांची बोट चांगली थांबली. इंजिन बिघडलं आणि दुरुस्तीसाठी ती चीनच्या एका बंदरात महिनोन्‌महिने अडकून पडली. बंदराजवळ एक बाग होती. तिथे एक म्हातारा रोज सकाळी उंच दांड्याचा ब्रश पाण्यात बुडवून फरशीवर अक्षरं काढायचा. अक्षरं उन्हाने वाळून जायची, म्हातारा पुन्हा काढायचा. नानांना काम नव्हतं. ते बघत उभे राहिले. काही दिवसांनी म्हाताऱ्याने ब्रश त्यांच्या हातात दिला. ही सगळी नानांचीच हकिगत. तिची मूळ प्रत मी अर्थातच पाहिलेली नाही.

नानांचा ब्रश घरगुती. जुन्या छत्रीचा दांडा, आणि टोकाला कापून कापून निमुळता केलेला पिवळा स्पंज. एसटीच्या सीटमध्ये असतो, अगदी तसला. कुठून आणलात म्हणून विचारलं तर म्हणाले, "पडला व्हता." एसटीच्या सीटमधला स्पंज आपणहून खाली पडत नाही, एवढं मला कळतं.

लिहितानाचा त्यांचा थाट बघण्यासारखा. कानटोपी, हाफ पँट, एक हात पाठीमागे, पाठ ताठ. डाव्या बाजूला पाण्याचा डबा. ब्रश टेकवला की रेघ संपेपर्यंत श्वास घेत नाहीत असं मला वाटतं. मधे कोणी हाक मारली तर ओ देत नाहीत. एकदा त्यांच्या पायाजवळून धामण गेली, तरी रेघ पुरी केली. नंतर मी ओरडले तर म्हणाले, "घाई नाय गो मालू. वाळंल ते."

"वाळंल ते, घाई नाय" हे नानांचं सगळ्यावरचं उत्तर. दोन भावांत बांधावरून भांडण पेटलं, वाळंल ते. हायवेच्या कामात रस्ता उखडला, वाळंल ते. माझ्या गुडघ्याला सूज आली तेव्हाही हेच म्हणाले. तेव्हा मात्र मी त्यांना दारातूनच परत पाठवलं.

चहाची तर वेगळीच तऱ्हा. दूध नाही, साखर नाही. झाकणाच्या कपात पानं टाकायची, वर उकळतं पाणी ओतायचं, आणि ते पहिलं पाणी चक्क फेकून द्यायचं. पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा मला वाटलं, कपात पाल पडली. नाना म्हणाले, "पयलं पाणी पानांची आंघोळ. दुसरं आपलं." मी तो चहा प्यायले. पालाच उकळल्यासारखा लागला. आणखी एक संशयास्पद गोष्ट म्हणजे नानांच्या कपात कोणी चहा ओतला की ते दोन बोटं वाकवून पाटावर ठक ठक करतात. बोलत काही नाहीत. एकदा एका साखरपुड्यात त्यांनी ते केलं, आणि मी बराच वेळ बघत बसले की हा माणूस खुणा कोणाला करतोय. शेवटी विचारलं. "तिकडं असंच करतात. आभार हायत ते," म्हणाले. असतीलही, पण आभार मानायला माणसाला तोंड दिलेलं असतं.

पोलादपूरच्या नाक्यावर एक चायनीजची गाडी लागते. लाल कंदील, फलकावर ड्रॅगन, आणि कोपऱ्यात एक सोनेरी कागदी अक्षर उलटं चिकटवलेलं. बाजाराच्या दिवशी नाना तिथे हटकून उभे राहतात. मी गाडीवाल्याला म्हटलं, "अहो, ते अक्षर उलटं लागलंय." तो सरळ करायला गेला तर नाना म्हणाले, "ऱ्हाऊ दे रे. भाग्य हाय ते. दारी यावं म्हणून उलटंच लावतात." आता यावर विश्वास कसा ठेवायचा? मी विचारलं, "नाना, चिनी सगळं वाचता येतं तुम्हाला?" तर शांतपणे म्हणाले, "नाय गो. थोडीच अक्षरं येतात. पण हे येतं." मग त्यांनी एक प्लेट नूडल्स खाल्ल्या, गाडीवाल्याला "बेस हाय" म्हणाले, आणि निघताना माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "पण चायनाचा काय संबंध?"

इथवर सगळं विनोदी होतं. माघ सरता सरता वाडीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एक निरोप फिरला. चोरांच्या टोळ्या बंद घरं हेरतात, दारापुढे विचित्र खुणा करून ठेवतात आणि मागाहून येऊन घर साफ करतात, सावध राहा. निरोप कोणी लिहिला, कुठला, काही पत्ता नाही. पण मुंबईकरांचे धाबे दणाणले. त्यातल्या सुरेशचं घर माझ्या घराच्या वरच्या अंगाला. त्याने कोणाला तरी पाठवून दारावर कॅमेरा बसवला. तिसऱ्याच दिवशी सकाळी त्याचा फोन आला.

"आत्या, फुटेज बघ पाठवलंय ते! नाना आपल्या दारात काय करतायत? काय लिहितायत? बाकीचे पण टेन्शनमध्ये आहेत. कोण म्हणतं चोरांना खूण, कोण म्हणतं करणी. आम्ही सगळे शिमग्याला येतोय, तेव्हा फायनल करू. तोपर्यंत तू लक्ष ठेव."

लक्ष ठेवायला मला सांगावं लागत नाही. दुसऱ्या दिवसापासून मी पहाटे चूल पेटवायच्या निमित्ताने बाहेर बसू लागले. आणि जे दिसलं ते मलाही खटकलं. नाना माझ्या अंगणात कधीच लिहीत नव्हते. जिथे माणसं राहतात अशा एकाही घरापुढे नाही. ते फक्त कुलूप असलेल्या घरांपुढे थांबत होते. आणि प्रत्येक दारात तेच एक अक्षर.

मी माणूस ओळखते असं मला वाटायचं. नाना चोर नाहीत हे मला आतून ठाऊक होतं. पण आतून ठाऊक आहे म्हणून मी कोणाचा दाखला कधी मंजूर केलेला नाही. बंद घरंच का? पावसाळ्यातल्या एका गोष्टीची आठवण होऊन हा प्रश्न आणखीच वाढला. मागच्या आषाढात नानांनी ब्रश खुंटीला टांगून ठेवला होता. का लिहीत नाही, असं मी सहज विचारलं होतं. तेव्हा म्हणाले होते, "आता कशाला? सगळी आंगणं ओलीच हायत."

शिमगा आला. पालखी सहाणेवर, म्हणजे तिच्या चौथऱ्यावर, बसली, आरती झाली, आणि प्रसाद हातात असतानाच सुरेशने विषय काढला. मुंबईकर गोल करून उभे. ठरवूनच आले होते. नानांनी आमच्या अंगणात पाय ठेवायचा नाही, एवढं त्यांच्याकडून कबूल करून घ्यायचं. मोबाइलवर फुटेज सुरू झालं. त्यात नाना, कानटोपी, डबा.

"हे काय आहे नाना? सरळ सांगा."

नानांनी मोबाइल हातात घेऊन कौतुकाने पाहिलं. "ही रेघ वाकडी आली रे," म्हणाले.

"रेघेचं सोडा. लिहिलंय काय?"

नाना खाली बसले आणि सहाणेपुढच्या मातीत बोटाने अक्षर काढू लागले. "हे वरचं बघ. हे छप्पर. आणि त्याच्या खाली हे डुक्कर."

यंदा रानडुकरांनी वाडीतला एक वाफा शिल्लक ठेवला नव्हता.

"माझ्या दारात डुक्कर लिहिलंत?" सुरेशचा आवाज चिरकला.

"अरे, छपराखाली डुक्कर म्हंजे घर. तिकडं घर असंच लिवतात. ज्याच्या छपराखाली डुक्कर, त्याचं घर भरलेलं."

"पण ते घरच आहे, ते आम्हाला माहीत आहे ना! त्याच्यापुढे घर कशाला लिहायचं?"

हसण्याची लाट आली. मला हसू आलं नाही. कचेरीतला तो जुना प्रश्न माझ्या तोंडून बाहेर पडला. "नाना, बंद घरंच का? माझ्या दारात का नाही?"

नानांनी माझ्याकडे पाहिलं. बोटाची माती हाफ पँटला पुसली.

"तुझ्या दारात कशाला गो? तू सडा घालतेस, रांगोळी काढतेस. तुझं आंगण ओलं असतं." मग म्हणाले, "मी त्या बोटीवरून घरी आलो ना, तवा आय जाऊन वरीस झालेलं. मला कळवणार कोण? बोट कुठं हाय ते कुणाला ठावं? आलो तर दाराला कुलूप. कुलपाचं मला काय नाय वाटलं. पण आंगण कोरडं व्हतं. आय असताना मी आमचं आंगण कधी कोरडं बघितलंच नव्हतं."

ढोलवालाही थांबला होता.

"सडा-रांगोळी मी काढली तर हसाल. मला एवढंच येतं," नाना म्हणाले.

सुरेशने नानांकडून मोबाइल परत घेतला. "पण नाना, आम्ही तर नसतो इथं. बघणार कोण?"

"कोण कधी येईल सांगता येतं काय रे? आलाच, तर कोरड्यात नको यायला."

अंगणात पाय ठेवायचा नाही, हे कबूल करून घ्यायचं राहूनच गेलं. उलट सुरेशने मोबाइलवर शोधून कुठल्याशा चिनी बागेतला व्हिडिओ काढला. आजही तिथे म्हातारे फरशीवर पाण्याने लिहितात, मागे काचेच्या उंच इमारती, आणि तरुण पोरं मोबाइल धरून त्यांचं शूटिंग करतात. नाना मोबाइल डोळ्यांजवळ नेऊन तो पुन्हा पुन्हा बघत राहिले. अक्षरं नव्हते बघत, तोंडं बघत होते. आमचा म्हातारा आता कुठला असायला, असं म्हणाले, आणि तरी पुन्हा सुरुवातीपासून लावायला सांगितलं.

शिमगा संपला, कुलपं लागली. सुरेशचा कॅमेरा अजून तिथेच आहे. अधूनमधून सकाळी त्याचा फोन येतो. "आत्या, आज नाना दिसले नाहीत. बरे आहेत ना? जरा बघून ये." मी बघून येते. नाना बरे असतात, फक्त डबा गळत असतो.

वैशाखात मी डोळ्याच्या ऑपरेशनसाठी महाडला भाचीकडे गेले. कोणाला सांगितलं नाही. घर बंद आहे हे लोकांना कशाला कळवायचं? भाची आणखी राहा म्हणत होती, पण मला परक्या उशीवर झोप येत नाही. एका सकाळी पहिली एसटी धरली आणि न कळवता परत आले. काळा चष्मा, हातात पिशवी, आणि वाटभर एकच धास्ती, की कुलूप जागेवर असेल ना.

कुलूप जागेवर होतं. अंगण मात्र कोरडं नव्हतं. दाराच्या बरोबर समोर, पायरीपासून हातभर अंतरावर, एक मोठं अक्षर होतं. वर छप्पर, खाली डुक्कर. मी सवयीने वाकले आणि बोट लावून पाहिलं. ओलं होतं. एकटी राहायला लागल्यापासून मी घरी आले आणि घर वाट बघत होतं, असं कधी झालं नव्हतं. मला रडू आलं. डॉक्टरांनी डोळ्यात पाणी येऊ द्यायचं नाही असं बजावलं होतं, पण ते झालं खरं.

वरच्या अंगाला सुरेशच्या दारात नाना पाठमोरे उभे होते, एक हात मागे, श्वास धरून. हाक मारून उपयोग नव्हता. मी दोन बोटं वाकवून माझ्या पायरीवर ठक ठक केलं. त्यांना ते ऐकू गेलं नसणार.

दार उघडायला जायचं तर अक्षरावर पाय पडला असता. म्हणून मी पिशवी बाजूला ठेवली, आणि डुक्कर पुरतं वाळेपर्यंत पायरीच्या कडेला बसून राहिले.