पान एकशे तेराच्या पुढे

"यंदा कुठे जायचं ते मी ठरवणार, आणि पुस्तकं वाचून ठरवणार," असं ताईने जेवणाच्या टेबलावर जाहीर केलं तेव्हा कुणी हसलं नाही. हसायला कुणाला तोंडच नव्हतं. गेली सहा वर्षं सहलीचं ठिकाण ठरवायचं काम भाऊजींकडे, म्हणजे ताईच्या धाकट्या बहिणीच्या नवऱ्याकडे होतं. भाऊजींचं चष्म्याचं दुकान. गिऱ्हाईक नसलं की ते मोबाइलवर फोटो बघत बसायचे आणि ज्या फोटोत आकाश जास्त निळं असेल ते ठिकाण पक्कं करायचे. मागच्या वर्षी अशाच एका फोटोमागे सगळे गेले आणि सिमेंटच्या कारखान्यासमोर चार दिवस राहून आले. फोटो खोटा नव्हता. तो फक्त कारखान्याकडे पाठ करून काढला होता.

"फोटोची जबाबदारी कुणी घेत नाही," ताई म्हणाली. "छापलेल्या शब्दाची कुणीतरी घेतलेली असते."

ताई सव्वीस वर्षं नगर वाचनालयाचा संदर्भ विभाग सांभाळत होती. पुस्तक हातात घेतल्यावर नुसत्या अंगठ्याने तिला कळायचं, की पान फाटलंय, सुटलंय की चिकटलंय. वाचक तिला घाबरून असत. ओला रुमाल घेऊन आत येणाऱ्याला ती बाहेरच्या बाकावर वाळत बसवायची.

बर्फात जायचं हे आधीच ठरलं होतं. धाकटीला स्की शिकायचं होतं. "घसरायचंय मला, पण पडायचं नाहीये," ही तिची अट. भाऊजींना लिफ्टमध्ये बसून वर जायचं होतं आणि लिफ्टमध्येच बसून खाली यायचं होतं. राहिला ताईचा नवरा. तो तीस वर्षं शहरातली बस चालवत होता आणि त्या तीस वर्षांनी त्याच्या पाठीचं पार लाकूड करून टाकलं होतं. "बर्फात मी काय करू?" तो म्हणाला. "डॉक्टर म्हणतात गरम पाण्यात बसा. गरम पाणी घरी आहे. मी घरीच बसतो."

ताईला हे लागलं. लग्नाला चोवीस वर्षं झाली होती आणि नवरा प्रत्येक सहलीत पिशव्या राखायला बसल्यासारखा बसायचा. यंदा त्याने निदान एकदा "बरं वाटलं" म्हणावं, एवढंच तिला हवं होतं. तिने स्कीच्या ठिकाणांची सात गाइडबुकं टेबलावर मांडली. प्रत्येक ठिकाणासाठी एक कार्ड केलं. उतार, हॉटेल, बस, जेवण, गरम पाणी. तीन आठवडे रोज जेवणाच्या सुट्टीत ती डबा डाव्या हाताने खात होती आणि उजव्या हाताने नोंदी करत होती. एका ठिकाणी उतार सोपे, तर गरम पाणी नाही. दुसऱ्या ठिकाणी पाणी आहे, तर उतार असे उभे की नुसतं वाचूनच धाकटीचे पाय कापले असते.

आणि मग सर्वांत जाड पुस्तकात, पान एकशे बारावर, तिला ते गाव सापडलं. उतार ताटासारखे सपाट. हॉटेल बारा खोल्यांचं, घरगुती. आणि पुढे हे वाक्य: "दिवसभर घसरून अंग आंबलं, की सरळ गरम पाण्याच्या कुंडात गळ्यापर्यंत बसावं. कुंड मुक्कामापासून पन्नास पावलांवर असून पाणी बारा महिने वाफाळतं असतं."

ताईने तिथल्या तिथे पानांची झेरॉक्स काढली आणि नवऱ्याला फोन लावला. तो डेपोत होता.

"गळ्यापर्यंत?" त्याने विचारलं.

"गळ्यापर्यंत."

त्याच दिवशी संध्याकाळी त्याने पोहायची चड्डी विकत आणली. रंग तपकिरी, आकार मोठा. चोवीस वर्षांत त्याने सहलीसाठी स्वतःहून घेतलेली ही पहिली वस्तू.

गाव खरोखर पुस्तकात लिहिल्यासारखं होतं. उतार इतके सोपे की धाकटी पहिल्याच तासाला सरळ उभी राहून घसरली आणि शेवटी थांबायला विसरली. भाऊजी लिफ्टमधून दोनदा वर जाऊन दोनदा खाली आले. ताई हे सगळं खिडकीतून पाहत होती, आणि तिच्या चेहऱ्यावर परीक्षेत पहिली आलेल्या मुलीच्या आईचा भाव होता. दुपारी चारला नवऱ्याने चड्डी घातली, वरून पँट, वरून कोट, खांद्यावर टॉवेल टाकला आणि निघाला.

लिफ्टवाल्याने कान झाकणारी लोकरीची टोपी घातली होती.

"कुंड कुठे आहे हो?"

"थंड? आज फारच आहे. त्या पत्र्याच्या दारातून आत जा. आत मस्त गरम आहे."

आत खरोखर गरम होतं. लांबट खोली, भिंतीला बाकं, सगळीकडे नळ्या, नळ्यांतून गरम हवा आणि नळ्यांवर वाळायला उलटे टांगलेले चाळीसेक बूट. ताईच्या नवऱ्याने विचार केला, लोक बूट इथे काढत असणार आणि कुंड पुढे असणार. त्याने कोट काढला, पँटची व्यवस्थित घडी केली आणि मांडीवर टॉवेल घेऊन बाकावर नंबर लागायची वाट बघत बसला. एक बाई आपले बूट न्यायला आल्या. त्यांनी त्याच्याकडे पाहिलं आणि बूट न घेताच परत गेल्या. तासाभराने आलेल्या एका माणसाला त्याने विचारलं, "आत कधी सोडतात?"

"आत म्हणजे कुठे?"

"पाण्यात."

तो माणूसही बूट न घेता गेला.

"पाणी नाही," परत आल्यावर तो ताईला म्हणाला. "बूट भरपूर आहेत."

"तुम्ही चुकीच्या दारातून गेला असाल," ताई म्हणाली. पुस्तक चुकलं असेल, हा विचार तिच्या मनाला शिवलासुद्धा नाही.

सकाळी चहाच्या वेळी तिने हॉटेलच्या मालकीणबाईंना गाठलं.

"कुंड? आमच्याकडे कुंड नाही हो," मालकीणबाई किटली धरून म्हणाल्या.

"गावात असेल."

"गावात एक विहीर होती. ती बुजवली."

"पण पुस्तकात आहे."

"पुस्तकात असेल. इथे नाही."

शेजारच्या टेबलावर एक निवृत्त न्यायाधीश पत्नीसह चहा घेत होते. त्यांनी कप खाली ठेवला. "कागद बघू," ते म्हणाले. ताईने झेरॉक्स पुढे केली. न्यायाधीशांनी ती मोठ्याने वाचली, सगळ्या टेबलांना ऐकू जाईल अशी. "भाषा निःसंदिग्ध आहे," ते म्हणाले. "बाई, बावीस वर्षं तुम्ही हे हॉटेल चालवता आणि पन्नास पावलांवर काय आहे ते तुम्हाला ठाऊक नाही?"

आता इतरांनीही कान टवकारले. कोपऱ्यातल्या एका गृहस्थांनी सांगितलं, की काल हॉटेलच्या मागे त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी वाफ पाहिली. त्यांच्या बायकोला तर संशय होता, की कुंड आहे पण ते फक्त ओळखीच्या पाहुण्यांना दाखवतात. मालकीणबाईंनी "ते आमचं धुलाईघर आहे" असं दोनदा सांगितलं, पण तोवर लोक टॉवेल आणायला खोल्यांकडे गेले होते.

"स्थळपाहणी करू," न्यायाधीश म्हणाले आणि मागच्या दारापासून स्वतः पावलं मोजत निघाले. त्यांच्या मागे ताई, ताईचा नवरा, भाऊजी आणि अर्धं हॉटेल. अठ्ठेचाळीस पावलांवर सिमेंटचा एक हौद होता आणि त्यातून वाफा निघत होत्या.

"अठ्ठेचाळीस," भाऊजी म्हणाले.

"बर्फात पाऊल लांब पडतं," न्यायाधीश म्हणाले.

मालकीणबाई मागून धावत आल्या. "अहो थांबा, ते चादरींचं..." पण ताईच्या नवऱ्याने काल संध्याकाळभर वाट पाहिली होती. त्याने कपडे काढून ताईच्या हातात दिले, हौदाच्या कठड्यावरून पाय टाकला आणि छातीपर्यंत पाण्यात बसला. तो डोळे मिटून बराच वेळ बसला.

"पाणी बरं आहे," तो म्हणाला.

ताईने हातातल्या त्याच्या पँटची पुन्हा एकदा घडी केली. भाऊजींना राहवेना. "सरका जरा," म्हणत तेही उतरले, पण चष्मा न काढता. आणखी दोघंतिघं कोटाची बटणं काढू लागले.

धुलाईघरात काम करणाऱ्या बाईंना बाहेरच्या या सोहळ्याची काहीच कल्पना नव्हती. बारा खोल्यांच्या चादरींचा घाणा धुऊन झाला होता. त्यांनी रोजच्यासारखी यंत्राची कळ फिरवली. भिंतीतल्या पाइपातून आधी एक उचकी आली, मग गरम पाणी आणि मग फेस. फेस थांबेचना. पाहता पाहता हौदात दोन डोकी उरली, मग एकच. भाऊजी खाली वाकून चष्मा शोधत होते. हाताला लागत होतं ते दर वेळी ताईच्या नवऱ्याचं पाऊल. दोघांना ओढून बाहेर काढलं तेव्हा कळलं, की चादरींना नीळही घातलेली होती.

हॉटेलच्या बैठकीत शेगडीजवळ दोघं फिकट निळे होऊन घोंगड्यांत बसले. न्यायाधीशांचे दोन्ही बूट भिजले होते, त्यामुळे त्यांचा सूर बदलला होता.

"तुमचा कागद ही नक्कल आहे," ते ताईला म्हणाले. "मूळ प्रत कुठे आहे?"

"मूळ प्रत आमच्याकडेच आहे," मालकीणबाई म्हणाल्या आणि फळीवरून तेच जाड पुस्तक काढून आणलं. "नऊ वर्षं जपून ठेवलंय. गावाचं नाव छापून आलंय ना."

ताईला हायसं वाटलं. आता दूध का दूध होणार होतं. सगळ्यांसमोर तिने पुस्तक उघडलं. एकशे बारा. एकशे तेरा. "दिवसभर घसरून अंग आंबलं, की सरळ," तिने खणखणीत आवाजात वाचलं, पान उलटलं आणि पुढे वाचलं, "खोलीवर जाऊन झोपावं. संध्याकाळी या गावात करण्यासारखं दुसरं काहीही नाही."

ती थांबली. एकशे चौदा. तिने एकशे पंधरा पाहिलं. मग पुन्हा पान उलटलं. एकशे सोळाच्या डोक्यावर, गरम पाण्याच्या कुंडात गळ्यापर्यंत बसावं. पण ते दुसऱ्याच गावात, दोन डोंगर पलीकडे, जिथले उतार जिन्यासारखे उभे होते.

वाचनालयातल्या प्रतीत एकशे चौदा आणि एकशे पंधरा ही पानं एकमेकांना चिकटलेली होती. कुणीतरी कधीतरी गोड चहा सांडला असणार. झेरॉक्स काढताना जाड पुस्तक काचेवर नीट बसलं नाही, म्हणून खालची पट्टी कापली गेली आणि तिच्यासोबत पानांचे आकडेही. पण हे सगळं ताईला पुस्तक हातात घेतल्याबरोबर कळायला हवं होतं. कळलं असतंही. फक्त त्या दिवशी "गळ्यापर्यंत" हा शब्द वाचल्यावर तिला नवऱ्याच्या पाठीखेरीज काही सुचलं नव्हतं.

पुस्तक मिटून टाकणं सोपं होतं. कुणी मागून डोकावत नव्हतं.

"चूक माझी आहे," ताई म्हणाली. "हे एक गाव नाही, दोन आहेत. मी इकडचं अर्धं आणि तिकडचं अर्धं जोडलं."

मग मालकीणबाईंनी विचारलं, "झोपावं? आमच्याबद्दल असं लिहिलंय?" नऊ वर्षांत त्यांनी गावाचं नाव असलेल्या पानापलीकडे वाचलं नव्हतं. पुस्तक त्यांनी फळीवर परत ठेवलं, पण या वेळी कणा भिंतीकडे करून.

न्यायाधीशांनी मात्र आधीच एकशे सोळावं पान उतरवून घेतलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी हॉटेलच्या दारात एक छोटी बस उभी राहिली आणि सहा पाहुणे सामानासकट तिच्यात चढले. धाकटी उताराकडे निघाली होती. तिला इथे स्वर्ग सापडला होता. भाऊजींना चष्म्याशिवाय बस दिसलीच नाही, म्हणून तेही राहिले. ताई दारात उभी होती, तेव्हा नवरा छोटी बॅग घेऊन खाली आला. खांद्यावर टॉवेल होता.

"अहो, तुम्ही?"

"दोनच दिवस. चालक म्हणतो परवा संध्याकाळी परत आणून सोडतो."

"मी इतके दिवस खपून जागा शोधली, आणि तुम्ही सोडून चाललात?"

"सोडून कुठे चाललोय," तो पायरीवर चढत म्हणाला. "तूच निवडलेल्या ठिकाणी चाललोय. उरलेल्या अर्ध्यात."

बस सुटली. ताईने हात हलवला. त्याचं म्हणणं खोडून काढायला तिच्यापाशी एकही छापील आधार नव्हता.