शेवाळाची झोप

रुतिकाच्या कॉलेजातलं दिव्यांचं यंत्र बंद पडलं आणि तिच्या एमएस्सीचं शेवाळ ऐरोलीच्या घरी मुक्कामाला आलं. दोन बाटल्या, आत हिरवं पाणी. प्रत्येक थेंबात असंख्य जीव आणि प्रत्येक जीव एकाच पेशीचा.

दिवसा रुतिका नोकरीला, म्हणून मोजणी रात्री. पहिल्या बाटलीला रात्री दिवा आणि दिवसा अंधार द्यायचा. मग त्यातल्या पेशी एका तालात चालतात. उजेडात वाढतात, अंधारात विभागतात. भर वाढीच्या वेळी प्रकाशसंश्लेषण जोरात, विभागणी जवळ आली की मंद. दुसऱ्या बाटलीवर सतत दिवा. तिथं जो तो आपल्या वेळेनं विभागणार, म्हणून प्रकाशसंश्लेषणाचा आलेख सपाट. हा फरक सोमवारी दाखवता आला नाही, तर रुतिकाचं सहा महिन्यांचं काम पाण्यात जाणार होतं.

नोकरीला निघताना ती पहिली बाटली आईच्या साड्यांच्या कपाटात ठेवी. "कुणी हात लावायचा नाही," तिनं बजावलं होतं.

ती जिना उतरताच तिच्या आईनं, बायजाबाईंनी, कपाट उघडलं. "भर दिवसा अंधारान कोंडलंय गो," म्हणत त्यांनी बाटली गच्चीवर सुकत्या बोंबलांशेजारी नेली आणि त्या मासळी बाजारात गेल्या. त्या वळल्या, तसे रुतिकाचे बाबा गोवर्धनराव उठले. दुसऱ्या बाटलीला रात्रंदिवस दिव्याखाली बघून त्यांचा जीव तुटत होता. "नीज नाय बिचारीला," म्हणत त्यांनी ती कपाटातल्या मोकळ्या जागी निजवली. बायको यायच्या आत परत दिव्याखाली. रुतिका यायच्या आत पहिलीही परत कपाटात. आठवडाभर दोघांनी हे पुण्य लपूनछपून केलं.

शनिवारी रात्रभराचे आकडे मांडून रुतिका रडकुंडीला आली. पहिली बाटली सपाट, दुसरीत डोंगर. तिनं कॉलेजातल्या तिच्या मार्गदर्शक संघमित्रा मॅडमना आलेखाचा फोटो पाठवला. लगेच फोन आला.

"आलेख सुंदर आहे गं. पण बाटल्या उलट्या लागल्यात. दुसरीला रोज अंधार मिळाला असणार. घरात विचार."

फोन स्पीकरवर टाकून रुतिका वळली. आई छताकडे बघत होती, बाबा चपला शोधत होते.

"आमी फक्त निजवली," बाबा म्हणाले.

"आनि मी ऊन दाखवलं."

"रोज? वेळेवर?" मॅडमनी विचारलं.

"भरतीची येळ चुकंल, आमची नाय," बाबा म्हणाले.

"मग फरक दिसलाच की," फोनमधून मॅडम हसल्या. "जसं घडलं तसं लिही. सोमवारी चालेल."

रुतिकानं लिहायला वही ओढली. बायजाबाई मात्र आलेखाकडे टक लावून बसल्या.

"यो डोंगर कुनाचा?"

"माझ्या बाटलीचा," गोवर्धनराव मिशीत हसले.

"येवढं ऊन दिलं आनि माझी सपाट?"

दुसऱ्या दिवशी सकाळी बायजाबाईंनी पहिली बाटली स्वतःच्या हातानं कपाटात ठेवली, कुलूप लावलं आणि किल्ली कनवटीला खोचली.

"कुनी हात लावायचा नाय," त्यांनी नवऱ्याला बजावलं.