विमानाचा डावा पंख

आकाशात कोलांटी मारणारं विमान आमच्या कोराडीच्या कॉलनीत फक्त माझ्याकडे होतं, आणि ही गोष्ट मी कुणालाही विसरू देत नव्हतो. माझ्या मेहुण्याने, मार्तंडने, ते मस्कतहून आणलं होतं. इथे हातात रिमोट धरायचा, तिकडे विमान उडायचं. रविवारी मैदानावर साहेबांसमोर कोलांट्या मारून दाखवीन, असं मी ऑफिसात जाहीर करून टाकलं.

अडचण एवढीच की कोलांटी जराशी वाकडी यायची. मार्तंडचं म्हणणं पडलं, दोन्ही पंखांचं वजन सारखं नसेल. नाकाला आणि शेपटीला दोरी बांधून विमान लटकवायचं. जो पंख वर जाईल त्याच्या टोकाला शिसं चिकटवायचं. झालं!

लटकवायला घरात एकच हूक होता, छताच्या पंख्याचा. मी पंखा उतरवला. एप्रिल महिन्यात, नागपूरकडच्या उन्हाळ्यात! माझी बायको सुमती उतरवलेला पंखा कोपऱ्यात ठेवून आली. मग तिने खिडकीतला कूलर फुल्ल सोडला.

विमान लटकलं. डावा पंख वर. मी त्याला शिशाचा तुकडा चिकटवला. तरी वर. आणखी एक. तरी वरच. रोज ऑफिसातून आलो की हाच उद्योग. शेवटी शनिवारी विमान सराफाच्या तराजूसारखं सरळ झालं. मी सुमतीला बोलावून दाखवलं. ती म्हणाली, छान, आता पंखा लावा.

रविवारी अख्खी कॉलनी मैदानावर! विमान उठलं तेच डावीकडे कलून. मी रिमोटची काडी उजवीकडे दाबली. मग मी स्वतः उजवीकडे वाकलो. मागची मंडळीही वाकली. विमानाला कुणाची पर्वा नव्हती. न सांगता त्याने भोवऱ्यासारख्या गिरक्या घेतल्या. लोकांनी टाळ्या पिटल्या, साहेब वा वा म्हणाले, आणि मी घामाने निथळत, हे सगळं ठरवूनच चाललंय अशी मान डोलावत राहिलो. तेवढ्यात ते क्वार्टरांमागे दिसेनासं झालं.

सापडलं शेजारच्या रंभाबाईंच्या गच्चीवर, वाळत घातलेल्या कुरडयांत नाक खुपसून. रंभाबाई कमरेवर हात ठेवून उभ्या. मी माफी मागितली, विमान घरी आणलं आणि चुकलं कुठे ते बघायला पंखा उतरवून पुन्हा हुकाला लटकवलं. तसंच सरळ!

तेवढ्यात पाणी भरायला सुमतीने कूलर बंद केला. डावा पंख धाडकन खाली गेला.

तिने हातातली बादली खाली ठेवली. मग म्हणाली, "अवो, इतके दिवस तुम्ही कूलरच्या हवेले शिसं लावून राहिले होते काय?"

मी सगळं शिसं खरवडून काढलं. दुसऱ्या दिवशी साहेबांचं बोलावणं आलं. मला वाटलं, पुन्हा एकदा उडवून दाखवा म्हणतील. मी तयारच होतो.

"देवराव," साहेब म्हणाले, "रंभाबाई सांगून राहिल्या होत्या, विमान पडलं तेव्हापासून त्यांच्या गच्चीवर कावळा फिरकला नाही. आमच्या घरी पापड घातले आहेत. देता का थोडे दिवस?"

सध्या विमान साहेबांच्या गच्चीवर पापड राखतं. रिमोट माझ्याकडेच आहे म्हणा!